हर्शल वॉकरचा सौदा: डॅलसच्या हाती नेमकं काय लागलं?

प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलमधल्या डॅलस काउबॉइज संघाने १९८९ मध्ये आपला सर्वात मोठा खेळाडू, हर्शल वॉकर, मिनेसोटा वायकिंग्जला दिला आणि त्या एका सौद्यातून तीन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकणारा संघ उभा राहिला, असं कायम सांगितलं जातं. ते कितपत खरं? आणि २०२५ मध्ये बचावपटू मायका पार्सन्सला देऊन डॅलस तोच डाव पुन्हा खेळतंय का?

लीगच्या लिलावांसाठी खेळाडूंच्या याद्या करणं आणि कोणासाठी किती मोजायचं याची मर्यादा ठरवणं हे माझं रोजचं काम आहे. आमच्या कामात हा सौदा पाठ असावा लागतो. तो बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात उत्तर. त्या सौद्याने डॅलसला संघ मिळाला नाही, तर हालचाल करायला भांडवल मिळालं. त्या भांडवलाची किंमत आधी करारातल्या एका अटीने वाढली आणि नंतर ते ज्या पद्धतीने फिरवलं गेलं त्याने. पार्सन्सचा सौदा वरून तसाच दिसतो. आतून वेगळा आहे.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. आयपीएलमध्ये खेळाडू लिलावात पैशाने विकत घेतात. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, कॉलेजमधून येणारे खेळाडू ड्राफ्टमधून येतात. दर वर्षी संघ क्रमाने एकेक खेळाडू निवडतात आणि आदल्या मोसमात सर्वात खराब खेळलेल्या संघाचा नंबर पहिला. १९८९ मध्ये अशा १२ फेऱ्या होत्या, आज ७ आहेत. त्या रांगेतली आपली जागा, म्हणजे ‘पिक’, संघ एकमेकांना देऊ शकतात, अगदी पुढच्या वर्षांचीसुद्धा. त्यामुळे खेळाडूंच्या सौद्यात तिथलं खरं चलन पैसा नसून पिक असतं.

आता १९८९ कडे. त्या वर्षी फेब्रुवारीत जेरी जोन्सने काउबॉइज विकत घेतले, २९ वर्षं संघाचा प्रशिक्षक असलेल्या टॉम लँड्रीला काढलं आणि मायामी विद्यापीठातून जिमी जॉन्सनला आणलं. टेक्सासमध्ये लोक संतापले होते. संघ आदल्या मोसमात ३ सामने जिंकून १३ हरला होता. हाती पहिली पिक होती, तिच्यावर क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) ट्रॉय एकमन आला. त्याच उन्हाळ्यात पुरवणी ड्राफ्टमधून जॉन्सनने स्टीव्ह वॉल्श हा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. पुरवणी ड्राफ्टचा नियम असा, की तिथे ज्या फेरीची बोली लावाल ती पुढच्या वर्षीची पिक जाते. वॉल्शसाठी डॅलसची १९९० ची पहिल्या फेरीतली पिक गेली.

हा तपशील लक्षात ठेवा. सगळी गोष्ट पुढे त्याच्यावर फिरते.

मोसम सुरू झाला आणि डॅलस पाचच्या पाच सामने हरलं. संघात दुसऱ्या कोणाला हवीहवीशी वाटेल अशी एकच मोठी चीज होती, ती म्हणजे वॉकर. १९८८ मध्ये तो १,५१४ यार्ड धावला होता. वय २७. रनिंग बॅकसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी, हे वय अवघड असतं, कारण पाय अजून आहेत पण किती दिवस, ते कोणी सांगू शकत नाही. जॉन्सनने मांडलेला हिशेब साधा होता: आपण चांगले होईपर्यंत हा म्हातारा होईल. मदतनीस प्रशिक्षकांबरोबर धावायला गेलेला असताना त्याने वॉकरला विकण्याचा विचार त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांना तो वेडेपणा वाटला.

क्लीव्हलँड ब्राउन्सनी बोली लावली होती. ती हाताशी ठेवून जॉन्सनने वायकिंग्जचा सरव्यवस्थापक माइक लिन याला गाठलं. लिनचा संघ तयार होता. बचाव उत्तम, फक्त धावणारा कमी, म्हणजे सुपर बोल एका खेळाडूच्या अंतरावर, असं लिनला वाटत होतं. १२ ऑक्टोबर १९८९ रोजी सौदा झाला. खेळाडू आणि पिक मिळून १८ नगांची देवाणघेवाण, एनएफएलच्या इतिहासातला सर्वात मोठा खेळाडू-सौदा.

आता ती अट. मिनेसोटाने पाच खेळाडू दिले: लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या ओळीतले) जेसी सॉलोमन आणि डेव्हिड हॉवर्ड, कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) आयझॅक होल्ट, बचावफळीतला अ‍ॅलेक्स स्टुअर्ट आणि रनिंग बॅक डॅरिन नेल्सन. या खेळाडूंमागे वायकिंग्जच्या पुढच्या वर्षांतल्या पिक बांधलेल्या होत्या. १ फेब्रुवारी १९९० पर्यंत डॅलसने एखाद्या खेळाडूला संघातून काढलं, तर त्याच्यामागची पिक डॅलसची. ठेवलं तर पिक मिनेसोटाकडेच.

लिनने हे कलम विमा म्हणून वाचलं. त्याच्या मते त्याने चांगले, खेळते खेळाडू दिले होते. एका विजयालाही महाग झालेला संघ असे खेळाडू कशाला सोडेल? वर्तमानपत्रांनीही तसंच वाचलं. पाच खेळाडूंच्या बदल्यात वॉकर दिला म्हणून जॉन्सनची टर उडवली गेली. जॉन्सनने मात्र ते कलम उलट्या बाजूने वाचलं होतं. त्याला खेळाडू नकोच होते, त्याला त्यांच्या मागच्या पिक हव्या होत्या. त्याने आपल्या मदतनीसांना बजावलं की या नव्या लोकांना सुरुवातीच्या संघात घ्यायचं नाही. ते आवडायला लागले, त्यांच्यावर संघ बसला, तर सोडताना हात थरथरतील, ही त्यामागची भीती. नेल्सन तर डॅलसला आलाच नाही, त्याला सॅन दिएगोकडे वळवावं लागलं.

मुदत जवळ आली तेव्हा लिनला कळलं की आपले खेळाडूही जाणार आणि पिकही. इथे जॉन्सनने जे केलं ते मला सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त आवडतं. त्याने नवा प्रस्ताव ठेवला: सॉलोमन, हॉवर्ड आणि होल्ट माझ्याकडेच राहतील, सगळ्या पिकही माझ्या, आणि त्या बदल्यात मी माझ्या खालच्या फेऱ्यांतल्या थोड्या पिक परत देतो. लिनपुढे पर्याय काय होता? नाही म्हटलं तर खेळाडू नुसते बाहेर फेकले जाणार आणि पिक तशाही डॅलसच्याच. तो हो म्हणाला. एकाच वस्तूची किंमत डॅलसने अशी दोनदा वसूल केली.

शर्ती असलेला कोणताही सौदा आमच्याकडे टेबलावर आला, की मी पहिल्यांदा हे पाहतो: अट पूर्ण करणं कोणाच्या हातात आहे? अट एखाद्या निकालावर, आकड्यावर, दुखापतीवर अवलंबून असेल तर ती खरी अट. समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून असेल तर तो त्याला फुकट दिलेला पर्याय आहे. लिनने पर्याय देऊन टाकला आणि त्याला अट म्हणत राहिला.

मैदानावर वॉकरची सुरुवात झोकात झाली. ग्रीन बेविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात तो १४८ यार्ड धावला. एका लांब धावेत त्याच्या पायातला एक बूट निघाला तरी तो पळतच राहिला. मिनेसोटात त्या दिवशी वाटलं असेल की लिनने लॉटरी मारली. पण वॉकर खोलवरून वेग घेऊन सरळ धडक मारणारा धावपटू होता आणि वायकिंग्जचं आक्रमण तशा धावेसाठी बांधलेलं नव्हतं. तिथे त्याने एकाही मोसमात हजार यार्ड गाठले नाहीत: १९९० मध्ये ७७०, १९९१ मध्ये ८२५. १९८९ च्या प्लेऑफमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने वायकिंग्जना ४१-१३ असं उडवलं आणि पुढच्या वर्षी संघ ६-१० वर (६ विजय, १० पराभव) घसरला. १९९२ मध्ये त्यांनी वॉकरला काहीही मोबदला न घेता सोडून दिलं. त्याच वर्षी फिलाडेल्फियाकडून तो १,०७० यार्ड धावला. म्हणजे खेळाडू संपलेला नव्हता, चुकीच्या जागी बसवला गेला होता.

गंमत अशी की या सौद्यात मिनेसोटाला दीर्घकाळ उपयोगी पडलेली गोष्ट वॉकर नव्हेच. डॅलसने परत दिलेल्या पिकांपैकी १९९१ च्या तिसऱ्या फेरीतल्या पिकवर त्यांनी जेक रीड घेतला आणि तो रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) पुढे सलग चार मोसम हजार यार्डांच्या वर गेला. वायकिंग्जच्या बाजूचा हा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून मुद्दाम मांडला.

आता डॅलसच्या बाजूचा. १९८९ चा मोसम त्यांनी १-१५ वर संपवला. हा सर्वात खराब संघ होता, म्हणजे १९९० ची पहिली पिक त्यांचीच असती. पण ती वॉल्शपायी गेलेली होती! त्या वर्षी डॅलसकडे पहिल्या फेरीत स्वतःचं असं काहीच नव्हतं. होती ती फक्त मिनेसोटाकडून आलेली २१ वी पिक. ड्राफ्टच्या दिवशी फ्लोरिडा विद्यापीठाचा एमिट स्मिथ खाली घसरत आला. तो ठेंगणा आहे, वेग कमी आहे, असं अनेकांचं मत होतं. डॅलसने पिट्सबर्गला आपली २१ वी आणि तिसऱ्या फेरीतली ८१ वी पिक दिली, १७ वी घेतली आणि स्मिथला उचललं. पुढे तो १८,३५५ यार्ड धावला. तो विक्रम आजही कायम आहे.

म्हणून ‘वॉकर दिला आणि एमिट स्मिथ मिळाला’ हे वाक्य एका अर्थी बरोबर आहे. तो सौदा नसता तर १९९० च्या पहिल्या फेरीत डॅलसने फक्त टाळ्या वाजवल्या असत्या. पण स्मिथ त्या सौद्यात ‘आला’ नाही. २१ व्या पिकवर बसून राहिले असते तर तो कदाचित गेला असता. पुढे सरकण्याचा निर्णय वेगळा, स्मिथवरचा विश्वास त्याहून वेगळा.

या हालचालींना नंतर एक मोजपट्टीही मिळाली. जोन्सचा तेलधंद्यातला भागीदार माइक मॅककॉय याने १९९१ च्या ड्राफ्टआधी प्रत्येक पिकला गुण देणारा तक्ता केला. पहिली पिक ३,००० गुण, दुसरी २,६००, सोळावी १,०००, आणि पुढे उतरत जाणारा वक्र. आधी झालेले सौदे तपासून त्याने हे आकडे बसवले होते. स्मिथचा सौदा त्यावर ठेवून पाहा: २१ वी म्हणजे ८००, ८१ वी म्हणजे १८५, एकूण ९८५. आणि १७ वी ९५०. डॅलसने ३५ गुण जास्त मोजले. कागदावर तोटा, आणि मिळाला कोण, तर एमिट स्मिथ. तक्ता रांगेतली जागा मोजतो, माणूस मोजत नाही. तरीही त्याचा मोठा फायदा होता. ड्राफ्टच्या दिवशी घड्याळ चालू असतं, फोनवर समोरचा संघ आकडा फेकतो, आणि तक्ता हाताशी असला की दहा सेकंदांत कळतं की हा भाव वाजवी आहे की लूट. बाकीचे संघ त्या वेळी अंदाजाने बोलत होते. पुढे डॅलसमधले मदतनीस दुसरीकडे गेले, त्यांच्याबरोबर तक्ताही गेला आणि सगळ्या लीगची तीच भाषा झाली.

१९९१ मध्ये मिनेसोटाची पहिल्या फेरीतली पिक ११ वी निघाली, कारण वायकिंग्ज घसरले होते. लिनने पिक दिल्या तेव्हा आपला संघ वर राहणार आणि त्या शेवटच्या क्रमांकाच्या आसपास पडणार, हे त्याने गृहीत धरलं असणार. जॉन्सनने ती ११ वी, दुसऱ्या फेरीतली ४१ वी आणि तीन खेळाडू न्यू इंग्लंडला दिले आणि थेट पहिली पिक घेतली. तिच्यावर रसेल मेरीलँड हा बचावफळीचा खेळाडू आला. त्या तीन खेळाडूंत कोण होता? डेव्हिड हॉवर्ड, तोच, ज्याला लिनने वॉकरसाठी दिलं होतं आणि जो मुदतीनंतर डॅलसने ठेवून घेतला होता. तक्त्यावर ११ वी आणि ४१ वी मिळून १,७४० होतात, पहिली ३,००० ची. उरलेलं अंतर तीन खेळाडूंनी भरलं. इतकं अंतर जुन्या खेळाडूंनी भरून निघणं सहसा घडत नाही.

१९९२ मध्ये मिनेसोटाची पहिल्या फेरीतली १३ वी पिक पुन्हा न्यू इंग्लंडकडे गेली. या वेळी उलट, मागे सरकून जास्त पिक घेतल्या. त्यातल्या १९ व्या पिकवरून किंचित वर सरकून १७ व्या क्रमांकावर कॉर्नरबॅक केव्हिन स्मिथ घेतला आणि ३७ व्या पिकवर डॅरेन वुडसन. वुडसन बारा मोसम डॅलसमध्येच खेळला, त्या बचावाचा कणा होता. एका सौद्याचा माग इतक्या टप्प्यांनी काढावा लागतो, म्हणूनच ‘वॉकरच्या बदल्यात कोण कोण आलं’ याच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.

आणि ज्याचं श्रेय सौद्याला देता येणार नाही तेही मोठं आहे. रिसीव्हर मायकेल आयर्विन १९८८ मध्ये, म्हणजे लँड्रीच्या काळातच निवडलेला. एकमन १९८९ च्या पहिल्या पिकवर, सौद्याच्या आधी. टाइट एंड (चेंडू झेलणारा आणि अडवणाराही) जे नोवाचेक दुसऱ्या संघाने राखून न ठेवलेल्या खेळाडूंतून आला. ड्राफ्टच्या अगदी तळातून आलेला लॅरी ब्राउन (बारावी फेरी, ३२० वी पिक) सुपर बोल ३० मध्ये सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा चार्ल्स हेली १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून पिकांच्या बदल्यात आला. हेली आल्यावर तो बचाव खऱ्या अर्थाने पुरा झाला, असं माझं मत आहे. पण अशा किमतीचा खेळाडू मागायला जाताना खिशात सुट्या पिक असाव्या लागतात, आणि डॅलसच्या खिशात त्या होत्या. १-१५ वरून तीन वर्षांत १३-३, मग सुपर बोलमध्ये जानेवारी १९९३ ला बफेलोवर ५२-१७, पुढच्या वर्षी पुन्हा बफेलोवर ३०-१३, आणि जॉन्सन गेल्यानंतर जानेवारी १९९६ मध्ये पिट्सबर्गवर २७-१७.

जाता जाता भारतीय वाचकांसाठी एक आठवण. डॅलसची हिशेबाने निवड करण्याची सवय जॉन्सनपासूनची नाही. १९६० च्या दशकात संघाचा सरव्यवस्थापक टेक्स श्रॅमने खेळाडूंच्या मूल्यमापनासाठी संगणक वापरायला सुरुवात केली, तेव्हा ते काम ज्याच्याकडे गेलं तो सलाम कुरेशी, अलीगढमध्ये शिकलेला भारतीय संख्याशास्त्रज्ञ. त्याला क्रिकेट कळायचं, अमेरिकन फुटबॉल नाही. चांगला खेळाडू म्हणजे काय, हे त्याने प्रशिक्षकांना विचारलं आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं. मग ती विशेषणं गाळून स्वभाव, चपळता, स्पर्धावृत्ती, सावधपणा, ताकद अशा मोजक्या गुणांवर आणली गेली आणि त्यांना आकडे दिले गेले. खेळ न कळणाऱ्या माणसाने विचारलेला तो प्रश्न आजही प्रत्येक निवड समितीने स्वतःला विचारायला हवा, इतका मोलाचा आहे. पिक साठवून योग्य वेळी एकदम खर्च करण्याची हातोटीही जुनीच. १९७७ मध्ये डॅलसने सिअ‍ॅटलला पहिल्या फेरीतली एक आणि दुसऱ्या फेरीतल्या तीन पिक दिल्या, ड्राफ्टमधली दुसरी पिक घेतली आणि तिच्यावर टोनी डॉरसेट आणला. त्याच मोसमात सुपर बोल जिंकला.

उलट्या दिशेने तोच संघ कसा फसतो, तेही पाहा. २००० मध्ये रिसीव्हर जोई गॅलोवेसाठी डॅलसने सिअ‍ॅटलला पहिल्या फेरीतल्या दोन पिक दिल्या. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. सिअ‍ॅटलने त्यातल्या १९ व्या पिकवर शॉन अलेक्झांडर घेतला, जो २००५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००८ मध्ये रॉय विल्यम्ससाठी डेट्रॉइटला पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या फेरीतल्या पिक गेल्या, आणि विल्यम्स त्या किमतीच्या जवळपासही खेळला नाही. दोन्ही वेळा विचार लिनचाच होता: एकच माणूस कमी आहे.

आता पार्सन्स. ऑगस्ट २०२५ मध्ये डॅलसने त्याला ग्रीन बेला दिलं आणि २०२६ व २०२७ च्या पहिल्या फेरीतल्या दोन पिक अधिक बचावफळीतला केनी क्लार्क घेतला. ही तुलना मला मान्य नाही, त्याची कारणं सांगतो. पहिलं, वॉकर २७ वर्षांचा रनिंग बॅक होता. पार्सन्स २६ वर्षांचा, क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा बचावपटू आहे, आणि या जागेवरचे खेळाडू तिशीतही भरात असतात. डॅलसने उतारावरचा माल विकला नाही. दुसरं, १९८९ मध्ये पगाराला कमाल मर्यादा नव्हती, ती १९९४ मध्ये आली. ग्रीन बेने पार्सन्सला चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला. म्हणजे डॅलसने दोन पिकांबरोबर त्या पगाराची मोकळी जागाही मिळवली, आणि २०११ नंतर नवोदितांचे पगार बांधलेले असल्याने पहिल्या फेरीतला खेळाडू चार-पाच वर्षं स्वस्तात मिळतो. सौद्याचा निम्मा हिशेब तिथे आहे, मॅककॉयच्या जुन्या तक्त्यात तो दिसणार नाही. तिसरं आणि माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचं: वॉकरच्या वेळी डॅलसकडे कलम होतं. इथे दोन साध्या पिक आहेत, त्याही एका चांगल्या संघाच्या, म्हणजे बहुधा रांगेत मागे पडणाऱ्या. ग्रीन बे १९९० च्या वायकिंग्जसारखं कोसळलं तरच त्यांचं वजन वाढेल.

शिवाय डॅलस या वेळी पिक साठवून बसलेलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्येच त्यांनी २०२६ ची दुसऱ्या फेरीतली पिक, २०२७ ची पहिल्या फेरीतली एक आणि माझी स्मिथ (Mazi Smith) हा खेळाडू देऊन न्यू यॉर्क जेट्सकडून क्विनन विल्यम्स घेतला. जॉन्सनने आधी पिक गोळा केल्या, त्यांतून तरुण संघ उभा केला आणि शेवटी हेलीसाठी खर्च केला. इथे खर्च आधी झाला आहे. त्यामुळे पार्सन्सच्या सौद्याचं मोजमाप करायचं असेल तर एमिट स्मिथ शोधत बसू नका. क्लार्क आणि विल्यम्स यांनी बचावाची मधली फळी किती घट्ट केली, मोकळा झालेला पैसा कोणावर लागला आणि उरलेल्या पिकवर कोण आला, या तीन गोष्टी एकत्र मांडा. त्यांचा हिशेब २०२७ च्या ड्राफ्टनंतर दोन मोसम तरी गेल्याशिवाय लागणार नाही.